हड्डी हमारी, गोश्त तुम्हारा

मुलाला पहिल्यांदा मकतबात किंवा शाळेत घालताना आपल्याकडची वडीलधारी माणसे उस्तादांना एक वाक्य सांगत आली आहेत : 'हड्डी हमारी, गोश्त तुम्हारा.' मूल तुमच्या स्वाधीन केले. मारा, झोडा, फक्त हाडे शाबूत ठेवा, असा त्याचा अर्थ. सांगणाऱ्याच्या मनात वैर नसते, उस्तादावरचा भरवसा असतो. गंमत अशी की तुर्कस्तानातही ही म्हण जवळजवळ शब्दशः आहे. तेथील बाप 'मांस तुझे, हाड माझे' असे म्हणून मूल उस्तादाच्या हवाली करीत आला. इतक्या दूरवर पसरलेली आणि इतकी जुनी म्हण पुष्कळांना शरीयतचाच एखादा नियम वाटते. छडी ही दीनी तालमीचीच एक बाजू आहे, असे मकतबाचे कैवारी मानतात आणि मकतबाचे टीकाकारही मानतात. आमच्या मते दोघांनीही इतिहासाची पाने उलटलेली नाहीत.

पाठ विसरणे, उशिरा येणे, शिकवणे चालू असताना शेजाऱ्याला चिमटा काढणे, दुपारी पळून जाऊन विटीदांडू खेळणे, हे मुलांचे गुन्हे हजार वर्षांपूर्वीही हेच होते. या एवढ्याशा गुन्ह्यांना शिक्षा किती, कोणी, कशाने आणि कोणाच्या परवानगीने करायची, या प्रश्नाचा मुस्लिम फकीहांनी इसवी सनाच्या नवव्या शतकापासून बारकाईने विचार केलेला आहे. तो विचार आपल्या घरांपर्यंत पोहोचला नाही. म्हण मात्र पोहोचली.

सुरुवात कूफा शहरातल्या एका बापापासून केली पाहिजे. हिजरी सनाच्या दुसऱ्या शतकातली ही गोष्ट. साद बिन तरीफ नावाचा एक मोची तेथे राहत होता. हदीस सांगणाऱ्यांतही त्याची ऊठबस होती. एक दिवस त्याचा मुलगा मकतबातून रडत घरी आला. काय झाले, असे विचारल्यावर तो म्हणाला, मुअल्लिमांनी मारले. बाप संतापला. आज या मुअल्लिमांची फजिती करतोच, असे म्हणून त्याने तेथल्या तेथे इक्रिमा आणि इब्न अब्बास (रजि.) यांचा हवाला देऊन थेट पैगंबरांच्या (स.) नावावर एक हदीस सांगितली. मुलांना शिकवणारे हे उम्मतीतले सर्वांत वाईट लोक. अनाथाविषयी त्यांच्या मनात सर्वांत कमी दया आणि गरिबाशी त्यांचे वागणे सर्वांत कठोर, असा तिचा आशय होता.

हदीस अर्थातच बनावट होती. बनावट हदीस कशी जन्माला येते याचा नमुना म्हणून पुढच्या हदीस-परीक्षकांनी साद मोच्याचा हा किस्सा वारंवार दिला आहे. पैगंबरांच्या नावावर खोटे रचणे हे मोठे पाप आहे, आणि त्याची बाजू घेण्याचा आमचा विचार नाही. पण इतिहास म्हणून हा किस्सा फार बोलका आहे. मार खाऊन आलेल्या मुलाचा बाप इतका हतबल होता की उस्तादाविरुद्ध दाद मागायला त्याला खोट्या हदीसीखेरीज दुसरे हत्यार सापडले नाही. आणि त्या खोट्या हदीसीतही त्याने नेमके कोणाचे नाव घेतले? अनाथाचे आणि गरिबाचे. मार कोणाला जास्त बसतो, हे त्याला ठाऊक होते.

हीच हदीस शंभरेक वर्षांनी कैरवानमध्ये एका ग्रंथात आली. कैरवान म्हणजे आजच्या ट्युनिशियातले शहर, इ.स. ६७० मध्ये उक्बा बिन नाफी यांनी वसवलेले आणि नवव्या शतकापर्यंत मालिकी फिकहचे मोठे केंद्र झालेले. तेथील काझी सहनून हे 'मुदव्वना' या मालिकी पंथाच्या पायाभूत ग्रंथाचे कर्ते. त्यांचे चिरंजीव मुहम्मद इब्न सहनून (८१७–८७०) यांनी 'आदाबुल मुअल्लिमीन' हे छोटे पुस्तक लिहिले. मुलांच्या शिक्षकाने कसे वागावे, एवढ्याच विषयाला वाहिलेल्या अगदी सुरुवातीच्या अरबी पुस्तकांत त्याची गणना होते. विसाव्या शतकात ट्युनिसमध्ये हसन हुस्नी अब्दुल वहाब यांनी ते संपादून छापले, तेव्हा ते पुन्हा अभ्यासकांच्या हाती आले.

इब्न सहनून यांनी साद मोच्याची हदीस दिली आणि तिच्याखाली स्वतःचे भाष्य जोडले. मुअल्लिमांना वाईट का म्हटले, तर तो रागाच्या भरात मारतो, मुलाच्या भल्यासाठी मारत नाही, असे ते म्हणतात. हदीस खरी मानण्यात ते फसले, परंतु तिच्यातले दुखणे त्यांनी अचूक पकडले. पुढे ते हिशेबाला बसतात. कुराणपठणात चूक झाली तर तीन फटक्यांच्या वर जायचे नाही. खेळ, उनाडकी, दुसऱ्या मुलाला त्रास देणे यासाठी तीनाहून अधिक मारायचे असेल तर बापाची परवानगी हवी, आणि परवानगी मिळाली तरी दहाची हद्द ओलांडायची नाही. दहा हा आकडा कोठून आला? अल्लाहने ठरवून दिलेल्या हद्दच्या गुन्ह्यांखेरीज कोणालाही दहाहून अधिक फटके मारू नयेत, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. म्हणजे बाजारात गैरवर्तन करणाऱ्या प्रौढ माणसाला जी कमाल मर्यादा, तिच्यापुढे मूल कधीही जाता कामा नये.

पाठ चुकल्याबद्दल तीन आणि खोडीबद्दल दहापर्यंत, हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. विसरणे हा मुलाचा अपराध नाही, हे त्या फकीहाला कळले होते. आमच्या पिढीने पाढे आणि सुरे यांच्यासाठीच सर्वांत जास्त मार खाल्ला. खोड्या त्या मानाने स्वस्तात सुटत.

बाकीचे नियम वाचताना तर त्या काळचे मकतब डोळ्यांसमोर उभे राहते. मुलाच्या डोक्यावर आणि चेहऱ्यावर मारायचे नाही. जेवायला घरून बोलावणे आले तर शिक्षा म्हणून त्याला अडवून ठेवायचे नाही. एका मुलाच्या हाताने दुसऱ्याला मार द्यायचा नाही. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुलात भेद करायचा नाही. मुलांना आपल्या घरच्या कामाला पिटाळायचे नाही. लाकडी पाटीने किंवा काठीने मारले आणि मूल दगावले तर मुअल्लिमावर किसास, म्हणजे खुनाचा बदला लागू होतो, कारण पाटीने किंवा काठीने मारण्याची मुभा त्याला कधीच दिलेली नव्हती. (मुअल्लिम हा मोलाने ठेवलेला माणूस, म्हणून शिकवण्याच्या वेळेत त्याने गरज नसताना जनाजाच्या नमाजलाही जाऊ नये, इथपर्यंत इब्न सहनून जातात. हे कलम आजच्या शिक्षकांनाही रुचेल असे वाटत नाही.)

असे नियम लिहावे लागले, याचा अर्थ तेथे हे सारे घडत होते. पाटी डोक्यात बसत होती, जेवण तोडले जात होते, थोराड मुलांकडून लहानग्यांना मार देवविला जात होता. कायद्याचे पुस्तक हा समाजाचा आरसा असतो, पण त्यात प्रतिमा उलटी दिसते. कैरवानची मकतबे दयेची माहेरघरे होती, असा दावा आम्ही करीत नाही. एवढेच म्हणतो की तेथील फकीहांनी या माराकडे काणाडोळा केला नाही. उस्तादाच्या हाताला त्यांनी आकडा लावून दिला.

इब्न सहनून यांना ही दृष्टी घरातूनच मिळाली असावी. लहानपणी त्यांना शिकवायला ठेवलेल्या मुअल्लिमांना वडिलांनी, म्हणजे काझी सहनून यांनी, बजावले होते की याला शिस्त लावायची ती कौतुकाने आणि गोड बोलण्याने; मार आणि दटावणी यांनी वळणारा हा मुलगा नव्हे. कैरवानच्या विद्वानांची जी चरित्रे लिहिली गेली त्यांत ही आठवण जपलेली आहे. इफ्रिकियाचा सर्वांत वजनदार काझी आपल्या मुलाच्या उस्तादाला हे सांगतो, आणि आपण काय सांगतो? 'गोश्त तुम्हारा.'

दीडशे वर्षांनी त्याच शहरात अबुल हसन अल-काबिसी (मृत्यू १०१२) यांनी याच विषयावर अधिक विस्ताराने लिहिले. हे गृहस्थ अंध होते. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे, अशी त्यांच्या ग्रंथाची रचना आहे आणि त्यामुळे त्यात जिवंतपणा आला आहे. त्यांनी शिक्षेला पायऱ्या घातल्या. आधी समज द्यावी, मग कडक शब्दांत सांगावे, त्यानंतर एक ते तीन फटके. त्यापुढे पालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये. वयात येऊ घातलेल्या दांडगट मुलाबाबत ते थोडी सैल भूमिका घेतात, हेही सांगितले पाहिजे. मारायचे साधन नरम असावे, इजा करणारे नसावे. आणि कडक शब्द म्हणजे शिव्या नव्हेत : 'अरे माकडा' यांसारखी संबोधने अडाणी मुअल्लिमांच्या तोंडी असतात, ती वापरू नयेत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. आपल्या वर्गांतून 'गाढवा', 'बैला' आणि आणखी काय काय ऐकू येते, त्याची येथे आठवण होते.

रागाविषयी काबिसी खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांचा दाखला देतात. खलिफांनी एका माणसाला फटके मारण्याचा हुकूम दिला आणि ऐन वेळी त्याला सोडून द्या म्हणाले. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले, माझ्या मनात याच्याविषयी राग असल्याचे मला जाणवले, आणि रागात असताना त्याला मारणे मला बरे वाटले नाही. हा कायदा पाळायचा म्हटले तर शाळांतल्या किती छड्या हवेतच थांबतील!

कैरवानबाहेरही हा विचार चालू होता. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये लिहिले की शागिर्दाची चूक शक्यतो आडून सुचवावी, चारचौघांत उघडी पाडू नये. एकदा का भीड फाटली की मूल निर्ढावते. शिकून आल्यावर मुलाला खेळू द्यावे, नाहीतर त्याचे मन मरते आणि ते सुटकेच्या युक्त्या शोधू लागते, असेही त्यांचे म्हणणे आहे.

पण या परंपरेतले सर्वांत खोल निरीक्षण इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांचे. हे ट्युनिसचे, म्हणजे कैरवानच्याच मुलखातले. राजकारणाला विटून ते आजच्या अल्जीरियातल्या एका गढीत जाऊन राहिले आणि १३७७ मध्ये त्यांनी 'मुकद्दिमा'चा पहिला खर्डा पुरा केला. त्यात शागिर्दांवरची सक्ती त्यांना अपायकारक ठरते, या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. फटके किती, या प्रश्नावर ते फार रेंगाळत नाहीत. माराने मुलाच्या आत काय होते, हे ते पाहतात. धाकदपटशात वाढलेल्या मुलाचे मन आक्रसते, उत्साह जातो, आळस शिरतो. मार चुकवण्यासाठी ते खोटे बोलायला शिकते. मनात एक आणि तोंडावर एक, अशी त्याची रीत होते. पुढे भीती संपली तरी सवय उरते, आणि सवय हाच स्वभाव होतो. स्वतःची आणि घरादाराची राखण करण्याची माणसातली रग अशा मुलात उरत नाही. ते दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारे होते. जुलमी सत्तेखाली पिचलेल्या समाजांचेही असेच होते, असे सांगून इब्न खल्दून वर्गातल्या छडीचा संबंध थेट राज्यव्यवस्थेशी लावतात.

तेही शिक्षेच्या पूर्ण विरोधात नाहीत. हारून अल-रशीद याने आपला मुलगा अमीन याच्या उस्तादाला केलेला उपदेश ते उद्धृत करतात. मुलाचा एकही तास फुकट घालवू नका, पण त्याला उदासही करू नका. आधी जवळीक आणि नरमाई, आणि त्याने ती झिडकारली तरच कडकपणा, असा त्याचा मथितार्थ. शहजाद्याच्या उस्तादालासुद्धा सगळा गोश्त मिळालेला नव्हता.

येथे दोन शंका निघतील. पहिली अशी की कैरवानचे हे लोक मालिकी. दख्खनमधले आपण बहुतेक हनफी आणि कोकणातले शाफई, तेव्हा आपल्याला त्यांचे काय? याचे उत्तर सोपे आहे. इब्न आबिदीन (१७८४–१८३६) यांचा 'रद्दुल मुहतार' हा ग्रंथ भारतातल्या हनफी मुफ्तींच्या रोजच्या वापरातला. त्यालाच आपले उलेमा 'शामी' म्हणतात. त्यात मुअल्लिमाने मारलेच तर हाताने मारावे, काठीने नव्हे, आणि तीनच्या वर जाऊ नये, असे नमूद आहे. शाफई फिकहमध्ये तर उस्तादाच्या माराने मूल दगावले तर हेतू चांगला होता म्हणून तो सुटत नाही, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. दुसरी शंका नमाजच्या हदीसीची. सातव्या वर्षी मुलाला नमाजला सांगा आणि दहाव्या वर्षी न पढल्यास मारा, ही हदीस मुक्त परवान्यासारखी पुढे केली जाते. पण 'शामी'तली तीनची आणि हाताची अट याच हदीसीच्या संदर्भात आलेली आहे. आणि ज्यांची ही हदीस, त्यांनी स्वतः काय केले? हजरत अनस (रजि.) लहान वयात पैगंबरांच्या (स.) घरी कामाला लागले. दहा वर्षांत त्यांना एकदा 'उफ्' असेही ऐकावे लागले नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. हजरत आयेशांच्या (रजि.) सांगण्यानुसार लढाईखेरीज पैगंबरांचा हात कोणावरही, बाईवर किंवा नोकरावर, कधी उठला नाही.

मग ग्रंथ असे आणि मकतबे तशी, हे कसे झाले? ताहा हुसेन यांच्या १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'अल-अय्याम'मध्ये इजिप्तच्या खेड्यातले मकतब भेटते. तेथे कैरवानचा मागमूस नाही. आपल्याकडे मियाँजींच्या आणि पंतोजींच्या शाळा माराच्या बाबतीत सख्ख्या बहिणी होत्या. अंगठे धरवणे, मुर्गा बनवणे यांना धर्म नव्हता. फिकहचा बारीक हिशेब अरबी ग्रंथांत राहिला आणि अर्धशिक्षित, तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या उस्तादाच्या हाती फक्त छडी आली. त्याच्या हालाखीचाही विचार व्हायला हवा. पन्नास पोरे एका ओसरीवर सांभाळणाऱ्याला शांत राहणे सोपे नसते. पण त्या माराला शरीयतचे कवच देण्याचे कारण नव्हते.

इंग्रज आले म्हणून यात सुधारणा झाली, असेही नाही. १८६० मध्ये इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथे थॉमस हॉप्ली नावाच्या शिक्षकाने पंधरा वर्षांच्या रेजिनाल्ड कॅन्सेलर या विद्यार्थ्याला इतके मारले की तो मेला. मुलगा अभ्यासात मंद होता आणि शिक्षकाला तो हट्टी वाटत होता, एवढाच त्याचा गुन्हा. मारण्यापूर्वी हॉप्लीने बापाला पत्र लिहून कडक शिक्षेची परवानगी मागितली होती आणि बापाने ती दिली होती! हॉप्लीला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. मात्र निकाल देताना सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी बापाला आणि त्याच्या वतीने शिक्षकाला 'माफक आणि वाजवी' मार देण्याचा हक्क आहे, हे तत्त्वही मांडले. माफक म्हणजे किती? ते न्यायालय नंतर ठरवणार, मूल मेल्यावर. त्याच १८६० साली आपल्याकडे भारतीय दंड संहिता मंजूर झाली. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने, पालकाने किंवा त्याच्या संमतीने केलेले कृत्य तिच्या ८९व्या कलमाने गुन्ह्यातून वगळले, आणि छडीवाले शिक्षक पुढे या कलमाच्या आडोशाला उभे राहत आले.

कॅन्सेलरच्या बापाचे पत्र म्हणजे इंग्रजीतले 'गोश्त तुम्हारा'च. कैरवानच्या नियमात बापाची परवानगी होती, पण तिच्या डोक्यावर दहाचे छत होते. बाप हवे तितके देऊन टाकू शकत नव्हता. आपल्या म्हणीने परवानगी तेवढी ठेवली आणि छत काढून टाकले. मर्यादा म्हणून उरले ते फक्त हाड.

स्वतंत्र भारतात कायद्याला फार उशिरा जाग आली. १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शाळांच्या नियमावलीतली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांच्या छळाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचे त्यात सांगितले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली. तीन नाही आणि एकही नाही. फिकहच्या दृष्टीने यात अडचण नाही. उस्तादाचा मार हा फार तर मुभा आहे, फर्ज नव्हे, आणि मुभा बंद झाल्याने दीनचे काही उणे होत नाही.

अडचण वेगळीच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वैदिक पाठशाळा या कायद्याच्या बाहेर ठेवण्यात आल्या. ६ मे २०१४ च्या 'प्रमती' निकालाने अल्पसंख्याकांच्या अनुदानित आणि विनाअनुदानित अशा सर्वच शाळा बाहेर गेल्या. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार मदरशांत जाणारी आपली मुले शंभरात तीन-चारच. बाकीची जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, खासगी शाळांत आणि आपल्याच संस्थांच्या उर्दू-मराठी शाळांत आहेत. त्याच अहवालात सहा ते चौदा वयाच्या आपल्या मुलांपैकी २५ टक्के एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच बाहेर पडली, असे म्हटले आहे. त्याला दारिद्र्य हे मोठे कारण आहे. पण घर आधीच काठावर असते तेव्हा एका अपमानास्पद शिक्षेचा धक्का पुरतो, हे मोहल्ल्यात शाळा सोडलेल्या पोरांशी बोलल्यावर कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातील एका संस्थेच्या प्रकरणात 'प्रमती' निकालाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे नेण्यास सुचवले.

अल्पसंख्याक संस्थांचे घटनादत्त हक्क आम्हाला मोलाचे वाटतात, आणि त्यांवर घाला येऊ नये असेच आम्ही म्हणू. परंतु १७व्या कलमाची वाट पाहण्याची आपल्या संस्थाचालकांना गरज नाही. 'शामी' मदरशाच्या कपाटात आहे. इब्न सहनून आणि काबिसी यांची ती दोन छोटी पुस्तके मराठीत आणि उर्दूत करून प्रत्येक मकतबाच्या उस्तादाला आणि शाळेच्या प्रत्येक मुख्याध्यापकाला देता येतील. खर्च एखाद्या जलशाच्या मांडवाएवढाही येणार नाही.